पाचव्या गल्लीचा आलेख

दार उघडणाऱ्या बाईनं आधी त्याच्या निळ्या जाकिटाकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे, आणि पुन्हा जाकिटाकडे. जाकिटावर पाणी खात्याची खूण होती. दुपारचे दोन वाजले होते. तिच्या गळ्यात मापाची टेप होती, मागे शिलाई मशीनवर कापलेल्या बाह्यांचा ढीग होता. "आज तुम्ही?" ती म्हणाली. तो हो म्हणाला, कारण प्रश्न त्या अर्थी बरोबर होता. एरवी त्याच्या खात्यातला दुसरा कुणीतरी यायचा आणि आज तो आला होता. बाईनं मान वळवून आत सांगितलं, "तू मागच्या घरी जाऊन बस गं." आतून एक तरुण बाई बाहेर आली, विशीतली, आणि भिंतीला अंग घासत, त्याच्याकडे न बघता निघून गेली. मग शिवणाऱ्या बाईनं गळ्यातली टेप काढली. तिची नीट चौपदरी घडी घातली, मशीनच्या खणात ठेवली, खण लावला, आणि कुणीतरी दुसरंच बोलत असल्यासारख्या सपाट आवाजात म्हणाली, "पाणी आधी सोडा. मागच्या वेळी तसंच राहिलं." तो म्हणाला, "मी बॅटरी बदलायला आलोय. नळावरच्या डबीची." यानंतर किती वेळ गेला ते त्याला सांगता आलं नसतं, आणि वेळ मोजणं हे तर त्याचं काम होतं. बाईच्या चेहऱ्यावर एकामागून एक तीन-चार गोष्टी येऊन गेल्या आणि शेवटी ती हसली. "बॅटरी होय," ती म्हणाली, "बदला की मग." आणि ती घराबाहेर जाऊन उन्हात उभी राहिली, त्याचं काम होईपर्यंत, त्याच्यापासून चार हात लांब, हाताची घडी घालून. डबीचे चारही स्क्रू त्यानं उलटे फिरवले आणि मग सुलटे, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्याच्या बोटांना घाम आलाय. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. बोटांना आधी कळलं असावं.

उतारावरून खाली येताना त्यानं जाकीट काढून हातात घेतलं. तिथं पायऱ्या नव्हत्या, सिमेंटचा ओबडधोबड उतार होता, आणि मधोमध एक गटार. वस्तीत पाच गल्ल्या होत्या, टेकडीवर हाताच्या पाच बोटांसारख्या पसरलेल्या, आणि पाचवी सगळ्यात उंच. तो ह्या पाचही गल्ल्या अकरा आठवडे रोज बघत होता, फक्त पडद्यावर. खात्यात लागून त्याला वर्ष झालं नव्हतं. विज्ञानाची पदवी, त्यात दाब आणि प्रवाह हा आवडीचा विषय, त्यामुळे मोठ्या साहेबांनी त्याला पहिलंच काम दिलं ते असं: वस्तीत सहा मापकं लावायची, दर तीन मिनिटांनी नळातल्या पाण्याचा दाब नोंदवायचा आणि पाणी ठरल्या वेळी, ठरल्या प्रमाणात पोचतं का ते सांगायचं. पहिल्या चार गल्ल्यांना एकेक मापक, पाचवीला दोन, खालच्या टोकाला पाच नंबरचं आणि वरच्या टोकाला सहा नंबरचं. सहा नंबर ह्या शिवणाऱ्या बाईच्या नळावर होतं. तिचं नाव त्याला यादीतून माहीत होतं, पण गल्लीत सगळे तिला शिंपीणबाई म्हणत. आता त्याला तिच्या घराच्या दाराचा रंगही माहीत होता, आणि तिचं ते हसणं. हसण्याला त्याच्याकडे रकाना नव्हता.

चेंबरपाशी चावीमामा भेटला. गल्लीच्या तोंडाशी जमिनीत खड्डा, त्यात दोन व्हॉल्व्ह, एक सगळ्या गल्लीचा आणि एक फक्त वरच्या सात घरांच्या फाट्याचा, वर लोखंडी झाकण. व्हॉल्व्ह उघडायची चावी म्हणजे कमरेइतक्या उंचीची लोखंडी कांब, वर आडवी मूठ. ती चावी खांद्यावर घेऊन हा माणूस रोज सकाळी गल्लीगल्लीत पाणी सोडायचा आणि बंद करायचा, चौदा वर्षं. सगळी वस्ती त्याला मामा म्हणायची, लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. पन्नाशीचा, दाढी रोज केलेली, शर्टाच्या खिशाला पेन. "काय शास्त्रीबुवा, आज तुम्ही स्वतः?" तो म्हणाला, "सांगायचं तरी. शिंपिणीकडे जाऊन आलात? चहा दिला का तिनं?" तो नाही म्हणाला. "देत नाही ती कुणाला," मामा म्हणाला, "जरा अकड आहे. पण पाण्यापुढे कुणाची अकड टिकते का? धरणात पाणी वरचा ठेवतो, नळात मामा." हा विनोद त्यानं मामाच्या तोंडून आधी कचेरीत तीनदा ऐकला होता आणि तिन्ही वेळा तो हसला होता. आताही त्याचे ओठ हसले. मामानं घड्याळ पाहिलं आणि वर, पाचव्या गल्लीकडे पाहिलं. ते पाहणं अगदी साधं होतं. आपण दूध उतू जाणार नाही ना म्हणून स्वयंपाकघराकडे बघतो, तसं.

कचेरीत त्याच्या टेबलावर पंखा नव्हता, शेजारच्याचा पंखा अर्धा त्याच्याकडे वळायचा. त्यानं संगणकावर सहा नंबरची मूळ नोंद उघडली, गाळण्यापूर्वीची. हे करायची गरज नव्हती, अहवाल तयार होता. अहवालात म्हटलं होतं की माणसाकरवी होणारं वाटप ठरल्या वेळापत्रकाशी ब्याण्णव टक्के जुळतं, सबब आपोआप चालणाऱ्या व्हॉल्व्हची आवश्यकता दिसत नाही. मोठे साहेब त्यावर खूश होते. अकरा आठवड्यांत सहा नंबरच्या छत्तीस हजारांहून थोड्या जास्त नोंदी होत्या, त्यातल्या एकशे चार त्यानं स्वतः गाळल्या होत्या. त्याला तो दिवससुद्धा आठवत होता. पावणेचार वाजले होते, त्याला लवकर निघायचं होतं, आणि सकाळच्या पुरवठ्याच्या वेळेबाहेर कुठेकुठे चार-चार नोंदींचे उंचवटे दिसत होते, दुपारी दोन ते तीनच्या मध्ये, बारा मिनिटांचे. बाकी पाच मापकांवर त्या वेळी शून्य. एका मापकावर दिसतं आणि शेजारच्यावर दिसत नाही, म्हणजे उपकरणाचा दोष. त्यानं पुस्तकात शिकवलेला नियम लावला, सरासरीपासून अमुक इतकं लांब असेल तर गाळा. सव्वीस उंचवटे गेले. आलेख स्वच्छ झाला. त्याला तेव्हा आलेखाकडे बघून जो आनंद झाला होता, तो खरा होता, हे आता सगळ्यात वाईट वाटत होतं.

आणि सकाळचं काय? सकाळी सहा नंबरवर दाब फार कमी यायचा. पाच नंबरवर एक पूर्णांक नऊ, तर सहावर शून्य पूर्णांक तीन. त्यानं तेव्हा हिशोब मांडला होता. वरचं टोक खालच्यापेक्षा अकरा मीटर उंच, दहा मीटर चढलं की दाब साधारण एकनं उतरतो, म्हणजे वर शून्य पूर्णांक आठ यायला हवा. उरलेला अर्धा कुठे गेला? जुना नळ, आतून गंजलेला, असं त्यानं लिहिलं होतं. वाक्य चांगलं होतं, कुणीही मान डोलावली असती. आता त्यानं गाळलेले सव्वीस उंचवटे परत जागेवर ठेवले आणि त्यांचा आकडा वाचला. एक पूर्णांक दोन. त्याच नळात, त्याच उंचीवर, दुपारी, खालची गल्ली बंद असताना. गंज सकाळी असतो आणि दुपारी नसतो, असं होत नाही. सकाळी कुणीतरी फाट्याचा व्हॉल्व्ह मुद्दाम अर्धवट ठेवत होतं आणि दुपारी, कधी कधी, बारा मिनिटं पूर्ण उघडत होतं. तो खुर्चीत मागे टेकला. शेजारचा पंखा त्याच्याकडे वळला, कागद हलले, पंखा परत गेला. पाणी आधी सोडा. मागच्या वेळी तसंच राहिलं. तिनं टेपची घडी घातली होती, चौपदरी, घाई न करता. रोजच्या कामाआधी माणूस हत्यारं जागेवर ठेवतो तशी. आणि त्या तरुण बाईला मागच्या घरी पाठवलं होतं. तो पाणी प्यायला उठला, आणि पिंपापाशी जाऊन ग्लास हातात धरून तसाच उभा राहिला.

तो सात वर्षांचा असताना ते एका खोलीत भाड्यानं राहायचे. वरच्या मजल्यावर घरमालक काका. टाकी गच्चीवर, तिचा नळ जिन्यात, नळाला कुलूप. बाबा दुपारपाळीला जायचे. जेवण झालं की आई त्याला म्हणायची, जा, वाचनालयात जाऊन बस, पाच वाजता ये. वाचनालयातल्या बाई त्याला आत सोडायच्या, मोठ्यांच्या विभागात, कारण तो आवाज करायचा नाही. तिथं त्यानं ग्रहांची चित्रं पाहिली, माशाच्या कल्ल्यांचा छेद पाहिला, पाणी उंचावरून खाली का येतं ते वाचलं. आज तो जो काही होता, तो त्या दुपारांमुळे होता, हे त्यानं मुलाखतीतसुद्धा सांगितलं होतं. पाच वाजता घरी आला की दोन्ही बादल्या भरलेल्या असायच्या, पिंप भरलेलं असायचं, आणि आई फरशी धूत असायची. रोज धुवायची. शेजारच्या बायका पाण्यावरून भांडायच्या तेव्हा बाबा अभिमानानं म्हणायचे, आपल्याला कधी पाणी कमी पडलं नाही. हे वाक्य त्यांच्या घरात कौतुकानं सांगितलं जायचं, आईच्या टापटिपीचा पुरावा म्हणून. तो पिंपापाशी उभा होता आणि ते वाक्य त्याच्या डोक्यात आपलं आपण फिरत होतं, आणि प्रत्येक फेरीला त्याचा एकेक शब्द गळून पडत होता. त्याच्याकडे एकही नोंद नव्हती. एका आकड्यावरून रेषा काढता येत नाही. काका कसे दिसायचे तेसुद्धा त्याला आठवत नव्हतं, फक्त त्यांच्या चपला आठवत होत्या, रबराच्या, जिन्यात, कधी वर जाणाऱ्या तोंडाच्या, कधी खाली.

संध्याकाळी त्यानं आईला फोन केला. ती आता बहिणीकडे असायची, दुसऱ्या गावात. तिनं आधी त्याच्या जेवणाचं विचारलं, मग खोकल्याचं, मग लग्नाचं, नेहमीच्या क्रमानं. तो म्हणाला, "आई, त्या जुन्या खोलीत आपल्याला पाणी कसं यायचं गं?" "नळानं," आई म्हणाली, "अजून कशानं येतं? खात्यात लागलास आणि हे माहीत नाही?" ती हसली आणि तो हसला नाही, आणि मग तीही थांबली. मागे बहिणीच्या घरातला दूरदर्शनचा आवाज येत होता. "तू पुस्तकं आणायचास," आई म्हणाली, "आणि मला माशांची चित्रं दाखवायचास. मला त्या घरातलं तेवढंच आठवतं. काय झालंय?" त्यानं सांगितलं. सगळं नाही, बाई, नळ, मामा, दुपार, एवढंच. आणि म्हणाला की माझ्याकडे पुरावा आहे, आलेख आहे, मी तो साहेबांना दाखवणार. "आलेखावर तिचं घर दिसतं का?" आईनं विचारलं. हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नव्हता. दिसत होतं. सहा नंबर म्हणजे तिचा नळ, तिचं दार. "मग आधी तिला विचार," आई म्हणाली. "तुझ्या आलेखाला काय विचारतोस? ज्या बाईचं आहे तिला विचार. आणि विचारताना दाराबाहेर उभा राहा. आत जाऊ नकोस." मग तिनं आवाज मोठा करून सांगितलं की सितोपलादी चूर्ण मधातून घे, कोमट पाण्यातून नको, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी गेला, पाणी येण्याच्या वेळी, जाकीट न घालता, आणि बाहेर उभा राहिला. शिंपीणबाई नळाखालची कळशी सरकवत होती. धार करंगळीएवढी होती. तो जे बोलणार होता ते त्यानं रस्ताभर घोकलं होतं आणि त्यातलं पहिलंच वाक्य चुकलं. "मी दुपारच्या नोंदी पाहिल्या," तो म्हणाला, "आधी मी त्या काढून टाकल्या होत्या. चूक समजून." ती कळशीकडेच बघत होती. "किती आहेत?" "सव्वीस." "सव्वीस नाहीत," ती म्हणाली, "सगळ्या काही माझ्या नाहीत. ह्या फाट्यावर सात घरं आहेत." त्याला हे सुचायला हवं होतं. मापक एका नळावर होतं, पाणी सात नळांत जात होतं. शेजारच्या घराच्या पडद्यामागे कुणीतरी हललं. बाईनं कळशी भरू दिली, मग दुसरी लावली. "माझा नवरा बोटीवर असतो. आठ-आठ महिने. मला काय, मी चार घरांकडून मागून आणत होते पाणी. मग त्यांनाच पुरेना." तिनं कळशी जरा फिरवली. "ती काल दिसली ना, ती माझी धाकटी जाऊ. सहा महिने झाले लग्नाला. परवा मामानं तिला विचारलं, तुमच्याकडे पाणी पुरतं का हो? चांगल्या शब्दांत विचारलं. मलाही तसंच विचारलं होतं." तो म्हणाला की तो साहेबांना सांगेल, मामाची नोकरी जाईल, पोलिसांतही तक्रार करता येईल. "सांगा," ती म्हणाली. "मी नको म्हणत नाही. गल्ली सांगा, घर सांगू नका. घर सांगितलंत तर माझा धंदा बसेल, ब्लाउज टाकायला कोण येईल? आणि दुसरं ऐका. मामाला काढून भागणार नाही. चावी एकाच्या हातात नको. ते लिहा तुमच्या कागदात."

तो दोन दिवस बसला. घर न सांगता गल्ली कशी सांगायची, हा प्रश्न सोपा दिसत होता. त्यानं सहाही मापकांची सरासरी काढली, म्हणजे कुठलंच घर ओळखू येणार नाही. एक पूर्णांक दोनचा उंचवटा सहानं भागला की शून्य पूर्णांक दोन. खात्याच्या अहवालात नोंदी ताशी द्यायच्या असतात. बारा मिनिटांचा उंचवटा साठ मिनिटांत पसरला की शून्य पूर्णांक शून्य चार. उपकरणाची चूकच तेवढी असते. तो बघत राहिला. जितकं झाकावं तितकं ते नाहीसं होत होतं, आणि नाहीसं होताना आलेख पुन्हा तसाच सुंदर दिसायला लागला. गणितात कुठेही चूक नव्हती. त्याला वाटलं, अशी किती शहरं असतील ज्यांची सरासरी चांगली आहे. रस्त्यावरून जाताना त्याला गच्च्यांवरच्या टाक्या दिसू लागल्या, काळ्या, गोल, प्रत्येकीच्या खाली एक नळ, प्रत्येक नळाची कुणाकडे तरी चावी. बायका बसथांब्यावर उभ्या होत्या, भाजी निवडत होत्या, हसत होत्या, आणि त्याला कुणाच्याही हसण्यावर विश्वास ठेवता येईना. शेवटी त्यानं सहा नंबरचा मूळ आलेख जसाच्या तसा घेतला, वर फक्त "मापक क्रमांक सहा, पाचवी गल्ली" असं लिहिलं, घराचा उल्लेख कुठेही केला नाही, आणि खाली एक परिच्छेद जोडला की व्हॉल्व्ह एका व्यक्तीच्या मर्जीवर ठेवू नयेत. तो कागद त्यानं चार वेळा वाचला. कुठेही घर नव्हतं.

मोठ्या साहेबांनी तो उभ्यानंच वाचला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि खाली बसले. "अरेरे," ते म्हणाले. मग, "मामा? चौदा वर्षं?" मग दार लावून घ्यायला सांगितलं. "कुठलं घर आहे?" "माहीत नाही," तो म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, बरं केलंस अशा अर्थी. "मामाला आजच हलवतो. चौकशी लावतो, गुपचूप. बोभाटा नको, त्यात त्या बायकांचीच अब्रू जाते. सोमवारपासून दुसरा माणूस देतो, तरुण आहे, घरंदाज आहे, माझ्या ओळखीतला." त्यानं चावीबद्दलचा परिच्छेद दाखवला. "बाबा रे," साहेब म्हणाले, "चावी काय हवेत फिरणार आहे? कुणाच्या तरी हातात असणारच. हात चांगला पाहिजे." दार उघडताना त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून भीती वाटली, पण त्या भीतीला नेमकं कारण सापडेना. तीन रात्री तो चांगला झोपला.

सोमवारी सकाळी तो वस्तीत गेला. बघायला. पाचव्या गल्लीच्या तोंडाशी वीसेक बायका होत्या, नळ आपापल्या दारात असताना ह्या इथं कशाला जमल्यात ते त्याला कळेना. बऱ्याच जणींच्या हातात भांडी नव्हती. तिसऱ्या-चौथ्या गल्लीतल्याही दोघी-तिघी दिसत होत्या. चेंबरचं झाकण बाजूला ओढलेलं होतं आणि खड्ड्याच्या काठावर शिंपीणबाईची जाऊ बसली होती, पाय आत सोडून. नवा माणूस चावी खांद्यावर घेऊन उतारावरून आला. खरंच तरुण होता, भांग पाडलेला, जाकीट कोरं. गर्दी पाहून तो जरा बिचकला आणि मग सभ्यपणे, नमस्कार करून, त्यानं विचारलं, "सहा नंबरचं मापक असलेलं घर कुठलं हो? शिवणकाम करतात त्या. साहेबांनी सांगितलंय, त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष द्या म्हणून."

ऊन अजून कोवळं होतं, आणि तरी नव्या माणसाचं ते बोलणं ऐकून त्याच्या मानेवर कुणीतरी गरम हात ठेवल्यासारखं झालं. शिवणकाम. पहिला अहवाल, अकरा आठवड्यांपूर्वीचा, मापकं बसवली तेव्हाचा. परिशिष्ट तीन. मापक क्रमांक, गल्ली, घरातील महिलेचं नाव, व्यवसाय. त्यानंच बनवलं होतं ते, नीटनेटकं, रकाने आखून, कारण व्यवस्थित माणूस प्रत्येक उपकरणाचा पत्ता लिहून ठेवतो. साहेबांच्या कपाटात ते पहिल्या दिवसापासून होतं. दोन दिवस तो एका कागदावरून तिचं घर पुसत बसला होता. शिंपीणबाई नव्या माणसाकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. "तुम्ही सांगितलंत?" "नाही," तो म्हणाला, आणि पुढे म्हणाला, "यादी होती. जुनी. मीच केलेली. माझ्या लक्षात नाही आलं." तिनं ते ऐकून घेतलं, एखाद्या गिऱ्हाइकाचं माप ऐकावं तसं. मग ती नव्या माणसापुढे जाऊन उभी राहिली. "ते घर माझं," ती मोठ्यानं म्हणाली. "विचारून झालं? आता चावी द्या. किती जड असते बघू." त्यानं गोंधळून चावी पुढे केली, वडीलधाऱ्या बाईनं काही मागितलं की आपण देतो तशी, आणि देऊन झाल्यावर त्याला कळलं. "अहो काकू, हे काय? माझी नोकरी जाईल." "जाईल नाहीतर राहील," मागून एक म्हातारी म्हणाली, "तू तिथं बाजूला उभा राहा बघू, पायांत येतोयस." गर्दीतल्या दोघी हसल्या. शिंपीणबाई हसली नाही. "आजपासून चावी गल्लीत राहील," ती म्हणाली. "रोज दोन घरं उघडतील. सकाळी, सगळ्यांसमोर. दुपारी झाकण बंद. आम्ही चार दिवस हेच ठरवत होतो. मामा जाईल आणि दुसरा येईल, एवढं कळायला डबी लागत नाही." नवा माणूस चार पावलं मागे गेला आणि फोनवर बोलू लागला, तोंडावर हात धरून. साहेब, हा शब्द दोनदा ऐकू आला, मग गाडी, मग लवकर.

जाऊ चेंबरमध्ये उतरली आणि तिनं चावीचं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवलं. शिंपीणबाईनं वरून मूठ धरली, दुसऱ्या बाजूनं त्या म्हातारीच्या सुनेनं. जोर लावला. हललं नाही. पुन्हा लावला, आणि लोखंडाचा एक आवाज आला, दात एकमेकांवर घासल्यासारखा. त्याला वाटलं आपण पुढे व्हावं, आणि त्याच क्षणी त्याला कळलं की तिथं त्याच्यासाठी जागा नाही, मुठीच्या दोन्ही बाजूंना हात आहेत. खालच्या रस्त्यावर, वस्तीच्या तोंडाशी, एक गाडी वळण घेत होती, खात्याच्या रंगाची. ती त्याला दिसली तशी सगळ्यांना दिसली असणार. कुणीही मान वर केली नाही. त्या गाडीत कोण असेल, साहेब की पोलीस की मामा स्वतः, आणि उद्या ह्या सात नळांत काय येईल, ह्याचं कुठलंही गणित त्याच्याकडे नव्हतं. शिंपीणबाईच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. "किती वेढे असतात?" तिनं न बघता विचारलं. "अकरा," तो म्हणाला, "पूर्ण उघडायला. मग फाट्याचे सात." "आमचं लक्ष राहणार नाही. तुम्ही मोजा." मूठ एकदा पूर्ण फिरली. तो पुटपुटला. "तोंडातल्या तोंडात नको," ती म्हणाली, "सगळ्यांना ऐकू जाऊ दे. खालीसुद्धा." त्यानं घसा खाकरला. एक, तो म्हणाला. दोन. त्याचा आवाज भिंतींना लागून परत येत होता आणि तो स्वतःचा वाटत नव्हता. बायकांची पावलं मुठीभोवती गोल फिरत होती, घट्ट, धुळीत. पाच. गाडी चढ चढू लागली, गिअर बदलल्याचा आवाज आला. सहा. गल्लीतल्या कुठल्यातरी घरातून एक बाई ओरडली, आलं, नळ गुरगुरतोय. सात. गाडी त्याच्या पाठीमागे थांबली, एक दार उघडलं, मग दुसरं, आणि कुणीतरी त्याला त्याच्या नावानं हाक मारली, ओळखीच्या आवाजात, हळू, समजुतीच्या सुरात. तो वळला नाही. मूठ फिरून त्याच्या समोर येईपर्यंत त्यानं वाट पाहिली.

"आठ," तो ओरडला.